पान्यावर बसलेला हात : महाराष्ट्रातील मोटार दुरुस्तीच्या घरगुती शिक्षणाचा इतिहास

महाराष्ट्रात मोटार दुरुस्तीचा धंदा साधारण सव्वाशे वर्षांचा आहे. या काळात हे काम शिकलेल्यांपैकी फार मोठा वर्ग कोणत्याही शाळेत गेला नाही. बापाकडून मुलाने, मामाकडून भाच्याने, उस्तादाकडून पोऱ्याने ही विद्या घेतली. मुलगा हाताशी आला की त्याला गाडीखाली घ्यायचे, ही या धंद्याची मूळ रीत होती. ती कोठून आली, कशी चालली आणि गाडी बदलत गेली तशी ती कशी बदलली, हे पाहिले म्हणजे महाराष्ट्रातील एका मोठ्या कारागीर वर्गाचा इतिहास हाती लागतो.

भाता, घण आणि धाव

मोटार येण्यापूर्वी रस्त्यावरचे वाहन होते बैलगाडी. तिची दुरुस्ती गावगाड्यातल्या सुतार आणि लोहार या बलुतेदारांकडे असे. सुतार चाकाचा तुंबा, आरे आणि पुठ्ठे घडवी. लोहार त्यावर लोखंडी धाव चढवी. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवून लाल होईपर्यंत तापवायची, फुगली की चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचे. थंड होताना ती आक्रसते आणि सगळे सांधे आवळले जातात. किती लहान ठेवायची आणि किती तापवायची हे मोजपट्टीवर नव्हे, तर नजरेवर ठरे.

ही नजर भट्टीशेजारी तयार होई. लहानपणी मुलगा भाता ओढी. अंगात बळ आले की घण मारी. बाप सांडशीने लोखंड धरून हातोडीने जागा दाखवी आणि मुलगा त्याच जागी घण घाली. सांडशी मुलाच्या हाती जाई ती सर्वांत शेवटी. बळाचे काम आधी आणि निर्णयाचे काम नंतर, हा क्रम पुढे गॅरेजमध्ये जसाच्या तसा आला.

मोटारीबरोबर हे कारागीर नव्या कामाला लागले. ट्रक आणि बसच्या कमानीचे पाटे तापवणे, त्यांना बाक देणे आणि पाणी देऊन कडक करणे हे लोहाराच्या हातचेच काम होते. बसची बॉडी बराच काळ लाकडी सांगाड्यावर बांधली जात असल्याने सुतारालाही तेथे जागा मिळाली. इंजिन नवे होते. पण लोखंड आणि लाकूड ओळखीचे होते.

मोटारखाना आणि शोफर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत पहिल्या मोटारी आल्या. प्रथम त्या धनिक पारशी आणि युरोपीय कुटुंबांकडे आणि संस्थानिकांकडे होत्या. संस्थानांत घोड्यांच्या पागेशेजारी मोटारखाना उभा राहिला. १९११ मध्ये मुंबईत मोटार टॅक्सी सुरू झाली आणि १९१४ च्या कायद्याने देशभर चालकाला परवाना आवश्यक झाला. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर मुंबईची पहिली सार्वजनिक मोटारबस धावली.

त्या काळचा शोफर केवळ चालक नव्हता. वाटेत गाडी बंद पडली तर मदतीला कोणी नसे, त्यामुळे दुरुस्ती हा त्याच्या नोकरीचाच भाग होता. गाडी पुढून हँडल मारून सुरू करावी लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल मनगट किंवा अंगठा मोडू शके. म्हणून नवशिक्याला पहिला धडा मिळे तो हँडल धरण्याचा: अंगठा मुठीभोवती वळवायचा नाही, चारही बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि हँडल खालून वर ओढायचे. विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत १९१२ मध्ये आला. तरीही भारतातल्या गाड्यांसोबत हँडल पुढे अनेक दशके राहिले, आणि हा धडाही राहिला.

१९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. फोर्डचेही मुंबईत जोडणीचे काम चाले. परदेशातून खोक्यांत सुटे भाग येत आणि येथे त्यांची गाडी होई. येथील कामगारांना मोटार प्रथमच सुट्या अवस्थेत पाहायला मिळाली. जी वस्तू जोडता येते ती खोलताही येते, ही समज दुरुस्तीच्या धंद्याचा पाया ठरली.

मुंबईबाहेर ही विद्या खासगी ‘सर्व्हिस मोटारीं’बरोबर पोहोचली. तालुक्याच्या गावाहून बाजारपेठेपर्यंत एखाद-दुसरी बस चालवणारे मालक होते. एक भाऊ गाडी चालवी, दुसरा तिकिटे फाडी, मुलगा क्लीनर म्हणून टपावर सामान चढवी. रात्री मुक्कामी कंदिलाच्या उजेडात तिघेही गाडीखाली असत. घरातला धंदा आणि घरातली शाळा येथे एकच होती.

युद्धाने दिलेले शिक्षण

दुसऱ्या महायुद्धाने या धंद्याचा आवाका वाढवला. पेट्रोलचा तुटवडा पडल्यावर अनेक बसना कोळशाचे गॅस प्लँट बसले. बसच्या मागे उभ्या टाकीत लोणारी कोळसा कमी हवेत जाळायचा, त्यातून निघणारा ज्वलनशील वायू थंड करून, गाळून इंजिनाला द्यायचा. शक्ती कमी मिळे, चढ लागला की उतारूंना खाली उतरावे लागे आणि राख व डांबरट मळ रोज साफ करावा लागे. पण इंजिनाला हवा आणि इंधन यांचे नेमके मिश्रण लागते, हे तत्त्व त्या काळच्या मेस्त्रींना पुस्तकाशिवाय कळले ते या टाकीमुळे.

याच काळात लष्करात वाहने आणि यंत्रे सांभाळण्यासाठी स्वतंत्र दल हवे झाले. इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनियर्स ही शाखा १९४३ मध्ये उभी राहिली. तेथे काम क्रमाने, मापाने आणि नोंद ठेवून करण्याची शिस्त होती. युद्ध संपल्यावर सेवामुक्त झालेले कारागीर ही शिस्त घेऊन गावी परतले. लष्कराच्या जीप आणि ट्रक ‘डिस्पोजल’मध्ये विकले गेले. स्वस्तात मिळालेला जुना ट्रक आणि तो दुरुस्त करू शकणारा माणूस एकत्र आले आणि अनेक वाहतूकदार घराण्यांची सुरुवात झाली.

जपून वापरायची गाडी

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या आणि पुढे इटलीच्या फियाटशी झालेल्या करारानुसार फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. महिंद्र कंपनीने मुंबईत जीप जोडायला घेतली. १९५४ पासून टाटांचे डेमलर-बेंझच्या सहकार्याने बनलेले डिझेल ट्रक रस्त्यावर आले. देशात उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना वाव न देण्याचे धोरण सरकारने १९५३ मध्ये स्वीकारले आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांनी काम आवरले. त्यानंतरची तीन दशके रस्त्यावर मोजकीच मॉडेल दिसत: फियाट, अँबॅसिडर, स्टँडर्ड, जीप.

दुरुस्तीच्या शिक्षणाला ही परिस्थिती पोषक होती. देशातले मोटारींचे उत्पादन १९७० च्या दशकात वर्षाला पन्नास हजारांच्याही आत होते. फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मिळालेली गाडी वीस-तीस वर्षे वापरायची आणि मुलाच्या स्वाधीन करायची, हे मध्यमवर्गीय घरात गृहीत असे. गाडीसोबत तिचे ज्ञानही द्यावे लागे. रविवारी सकाळी चाळीच्या किंवा वाड्याच्या दारात बॉनेट उघडून उभे असलेले वडील, शेजारी पाने धरून उभा मुलगा किंवा मुलगी, हे दृश्य शहरांत नवलाचे नव्हते. हे शिक्षण पोटासाठी नव्हते. पण बॅटरीचे पाणी, प्लगची सफाई, पंख्याचा पट्टा आणि चाक बदलणे एवढे तरी घरच्या माणसाला आले पाहिजे, अशी अपेक्षा असे. बोरघाटात उन्हाळ्यात रेडिएटर उकळे किंवा पेट्रोल पंपात वाफ अडकून गाडी थांबे. तेव्हा पंपावर ओला फडका ठेवून ती निवेपर्यंत धीर धरायचा, हा उपाय अशाच रविवारी शिकलेला असे.

मॉडेल बदलत नसल्याने ज्ञानही जुने होत नसे. बापाने १९६० मध्ये शिकलेली गोष्ट मुलाला १९८० मध्येही तशीच लागू पडे. १०८९ घनसेंटिमीटरचे फियाटचे इंजिन नाव बदलून प्रीमियर पद्मिनीत आले; पण त्याची रचना मूळची तीच राहिली. घरगुती शिक्षण इतके टिकले त्याचे मोठे कारण हे स्थैर्य होते.

शिकवण्याचा क्रम

गॅरेजमधल्या शिक्षणाला लेखी अभ्यासक्रम नव्हता, मात्र क्रम ठरलेला होता. पहिली पायरी धुण्याची. काढलेला प्रत्येक भाग रॉकेलच्या तसराळ्यात ब्रशने घासायचा, फडक्याने पुसायचा आणि काढला त्या क्रमाने मांडायचा. या कामात मुलाला भागाचे नाव, वजन, झीज आणि जागा कळे. वॉशर उलटा ठेवला तर बोलणी बसत. पुढे जोडताना या मांडणीवरच भिस्त असे.

दुसरी पायरी पाना देण्याची. बाप गाडीखालून हात बाहेर काढी आणि फक्त आकडा सांगे: दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. मुलाने न बघता तो उचलून हातात द्यायचा. यात मापांचा गोंधळ मोठा होता. अँबॅसिडर आणि जीप या इंचाच्या गाड्या, फियाट मिलिमीटरची. जुने मेस्त्री इंचाचे माप सुतात सांगत: आठ सूत म्हणजे एक इंच, चार सूत म्हणजे अर्धा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेरा नंबरचा पाना बसतो. पण सैल बसतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. गोल झालेला नट छिन्नीने काढण्यात अर्धा दिवस गेला की मुलगा ही दोन मापे जन्मभर विसरत नसे.

तिसरी पायरी खोलण्याची आणि आवळण्याची. येथे हात तयार होई. हेडचे बोल्ट मध्यापासून सुरू करून आडवे-उभे, आळीपाळीने आणि दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. एका बाजूने आवळत गेले तर हेड वाकडे बसते आणि गॅस्केट फुटते. ताण मोजणारा पाना बहुतेक गॅरेजांत नव्हता. किती आवळले की पुरे आणि कोठे आटे जातील, हे मनगटाला कळावे लागे. बाप आधी स्वतः आवळी, मग तोच बोल्ट सैल करून मुलाला आवळायला सांगे आणि शेवटी आपला हात त्याच्या हातावर ठेवून फरक दाखवी. हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणूनच हे काम शिकायला शेजारी माणूस लागे.

चौथी पायरी सेटिंगची. कार्ब्युरेटरच्या गाडीत सेटिंग हा रोजचा व्यवहार होता. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवावी लागे. प्लगची थोडी जास्त. फीलर गेज नसेल तर करवतीच्या पात्याचा तुकडा वापरत, कारण त्याची जाडी ०.६ मिलिमीटरच्या आसपास असते. टायमिंग बसवताना पॉइंटला छोटा बल्ब जोडत. तो ज्या क्षणी लागे तो ठिणगीचा क्षण. चार सिलिंडरांत ठिणगी कोणत्या क्रमाने पडते हे पाढ्यासारखे पाठ असे: एक-तीन-चार-दोन. फियाट आणि अँबॅसिडर दोन्हींचा क्रम हाच होता.

टॅपेटची फट बसवण्याची रीतही तोंडीच दिली जाई. अँबॅसिडरच्या इंजिनात आठ व्हॉल्व्ह एका रांगेत होते. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल त्याच्या क्रमांकात किती मिळवले म्हणजे नऊ होतात ते पाहायचे आणि त्या क्रमांकाच्या व्हॉल्व्हची फट मोजायची. आठवा उघडा असेल तर पहिल्याची, सहावा उघडा असेल तर तिसऱ्याची. अक्षरओळख नसलेल्या मेस्त्रीलाही ही नवाची बेरीज येत असे आणि तिच्यामागचे कारणही तो इंजिन हाताने फिरवून दाखवू शकत असे.

शेवटची पायरी रोग ओळखण्याची. येथे डोळा, नाक आणि कान लागत. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, काळा म्हणजे इंधन जास्त जाते, सतत येणारा पांढरा धूर म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये शिरते. प्लगचे टोक बिस्किटी रंगाचे असेल तर मिश्रण बरोबर. काजळलेले असेल तर पेट्रोल जास्त, पांढरेफटक असेल तर कमी. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आवाज ऐकायचा. टॅपेटची टकटक वेगळी, बेअरिंगचा ठोका वेगळा आणि पिस्टनचा वेगळा. बाप विचारी, मुलगा सांगे आणि मग दोघे मिळून इंजिन खोलत. निदान खरे ठरले की मुलाला गिऱ्हाइकाशी बोलण्याची मुभा मिळे. मुलगा मेस्त्री झाला याची खूण तीच होती.

काही कामे एकट्याने होतच नसत. ब्रेकच्या नळीतली हवा काढताना एकाने आत बसून पेडल मारायचे आणि दाबून धरायचे. दुसऱ्याने चाकामागची निपल सैल करून बुडबुडे निघू द्यायचे आणि पेडल सुटण्याआधी ती बंद करायची. आतल्याने पाय आधी उचलला तर हवा परत नळीत शिरते आणि काम पहिल्यापासून करावे लागते. एकमेकांना न दिसणाऱ्या दोघांनी केवळ आवाजावर विश्वास ठेवून करायचे हे काम बहुतेक घरांत बापलेकांनीच केले.

गल्लीतील विद्यापीठ

एकाच माणसाला सगळे येत नसे. म्हणून गॅरेजभोवती कारागिरांचे जाळे उभे राहिले: फिटर, डेंटर, पेंटर, वायरमन, रेडिएटरवाला, कमानपाटेवाला, सीट शिवणारा, लेथवर काम करणारा टर्नर. डिझेल पंप आणि नोझल यांचे काम करणारे वेगळेच. त्यांचे भाग इतके काटेकोर मापाचे असतात की त्यांना यंत्रावर तपासावे लागते. इंजिनाचे मोठे काम निघाले की ब्लॉक रिबोअरसाठी टर्नरकडे, क्रँक ग्राइंडिंगसाठी आणखी कोणाकडे जाई, आणि तो पोहोचवण्याचे काम मुलाकडे असे. या फेऱ्यांतून त्याला इतरांची विद्या दुरून कळे.

सुट्या भागांच्या बाजारांनीही शिकवले. मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर नव्या भागांसाठी, तर कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार जुन्या भागांसाठी ओळखले गेले. पुण्यात नाना पेठ ही सुट्या भागांची पेठ झाली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम आणि लेथचे कारखाने असल्याने बाजारात न मिळणारा भाग तेथे घडवून घेता येई. खरा भाग, नकली भाग आणि रंग देऊन नवा केलेला जुना भाग यांतला फरक बोटाने ओळखणे हा या बाजारांचा धडा होता.

मुंबईच्या गॅरेजांत मराठी, उत्तर भारतीय, पंजाबी, दक्षिण भारतीय, हिंदू आणि मुसलमान कारागीर शेजारी-शेजारी काम करत. त्यांच्या बोलण्यातून एक मिश्र बोली तयार झाली. गुरूला उस्ताद किंवा मेस्त्री म्हणत, इंजिन ‘मिसिंग मारते’, स्टार्टरला नुसते ‘सेल्फ’ म्हणायचे, प्लेट ‘घासते’ आणि ब्रेक ‘पकडतो’. अनेक मेस्त्री आपल्या मुलाला काही काळ दुसऱ्या उस्तादाच्या हाताखाली ठेवत. घरात लाड होतात आणि बाप ओरडला तर आई मध्ये पडते. परक्याच्या गॅरेजमध्ये तसे होत नाही, असा त्यामागचा विचार होता.

या रीतीच्या उणिवाही तिच्याच पोटातल्या होत्या. विद्या नात्यात राहिली, त्यामुळे ज्याचे कोणी गॅरेजमध्ये नव्हते त्याला वर्षे मोलमजुरीत काढावी लागली. मुलींना घरच्या गाडीचे काम येत असले तरी धंद्यात क्वचितच घेतले गेले. बापाची चूकही विद्येसोबत मुलाकडे जाई, कारण तपासायला पुस्तक नव्हते. आणि जेथे नाते नव्हते तेथे लहान मुलांकडून नाममात्र पैशांत काम करून घेतले जाई.

आगार, आयटीआय आणि कायदा

संस्थांनी दिलेले शिक्षण स्वातंत्र्यानंतर वाढले. १ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. हळूहळू खासगी सर्व्हिस मोटारींची जागा एसटीने घेतली आणि आगारागणिक दुरुस्तीची कार्यशाळा आली. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा उभ्या राहिल्या. ठरावीक किलोमीटरनंतर ठरावीक काम, ही पद्धत मराठी मुलखाच्या कानाकोपऱ्यात एसटीने नेली. बिघडल्यावर दुरुस्त करायचे, या घरगुती सवयीला बिघडण्याआधी तपासायचे, ही जोड मिळाली.

१९५० मध्ये केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि तिच्यातून आयटीआयचे जाळे विस्तारले. मोटार मेकॅनिक हा त्यातला दोन वर्षांचा लोकप्रिय अभ्यासक्रम होता. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांना उमेदवार घेणे बंधनकारक केले. अनेक मेस्त्रींनी आपल्या मुलांना दहावीनंतर आयटीआयला घातले. दिवसा वर्गात आकृती आणि तत्त्व, संध्याकाळी गॅरेजमध्ये काम, अशी दुहेरी शिकवण या पिढीला मिळाली. मापाचा आग्रह वर्गातून आला. आवाजाची ओळख घरून.

बालमजुरीच्या १९८६ च्या कायद्याखाली पुढे गॅरेज आणि मोटार कार्यशाळा मुलांसाठी धोकादायक ठरवल्या गेल्या. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना सर्वच कामांवर ठेवण्यास मनाई केली. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हातभार लावण्यापुरती, आणि तीही धोका नसलेल्या कामात, मुभा राहिली. त्यामुळे शिकण्याचे वय वर सरकले. पूर्वी दहाव्या वर्षी रॉकेलच्या तसराळ्याशी बसणारा मुलगा आता शाळा आटोपून, बऱ्याचदा पदविका घेऊन, समजत्या वयात बापाशेजारी उभा राहतो. तो कारण विचारतो, आणि बापाला ते सांगावे लागते. शिकवण्यात आलेला हा बदल चांगला आहे.

उलटे झालेले नाते

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० च्या पहिल्या गाड्या ग्राहकांच्या हाती पडल्या आणि त्यानंतर नवी मॉडेल झपाट्याने येऊ लागली. मूळ रचना अजून ओळखीची होती. मारुतीतही कार्ब्युरेटरच होता. खरी उलथापालथ प्रदूषणाच्या नियमांनी केली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने राजधानी परिसरात युरो मानके लागू झाली. २००० पासून देशभर नव्या मानकांची सुरुवात झाली. ती पाळण्यासाठी कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागी पेट्रोल मोजून फवारणारे इंजेक्टर आणि त्यांना हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक संच आला. पॉइंट गेले, त्यांच्यासोबत फट मोजणारे पातेही गेले. हेड, पिस्टन आणि ब्रेक होते तेथेच राहिले; मात्र इंजिन नीट का चालत नाही याचे उत्तर आता संगणकाच्या सांकेतिक क्रमांकात मिळू लागले.

अशा वेळी अनेक गॅरेजांत शिकवण्याची दिशाच फिरली. स्कॅनर जोडणे, कोड वाचणे, संवेदकाची विद्युतदाबाची मोजणी घेणे हे मुलाला आधी आले. बापाने पान्यावर शिकवलेला मुलगा आता बापाला पडद्यावरचे वाचून दाखवू लागला. तरीही दोघांची गरज संपली नाही. स्कॅनर ‘मिश्रण पातळ’ असे सांगतो. ते इंजेक्टर तुंबल्यामुळे, पंप कमी पडल्यामुळे की एखादी रबरी नळी चिरून हवा आत गेल्यामुळे, हे तो सांगत नाही. चिरलेल्या नळीची बारीक शीळ ऐकणारा कान जुन्या मेस्त्रीचाच असतो. मुंबईतल्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हाही हेच दिसले: नवे किट बसवण्याची माहिती तरुणांकडे, जुन्या इंजिनाला ते मानवेल का हे ओळखण्याची नजर वडिलांकडे.

कागदोपत्री मान्यतेचा प्रश्नही याच काळात पुढे आला. नव्या रोजगारात प्रमाणपत्र लागते आणि घरी शिकलेल्याकडे ते नसते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच अंगी असलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. बापाच्या हाताखाली काढलेली वर्षे ही शिक्षणाचीच वर्षे होती, असे सरकारी व्यवस्थेने त्यातून मान्य केले.

आजची स्थिती

प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले. मुंबईत या मॉडेलची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. ज्या गाडीवर महाराष्ट्रातल्या निदान दोन पिढ्यांनी काम शिकले आणि शिकवले ती आता हौशी संग्राहकांकडे उरली आहे. तिचे कार्ब्युरेटर आणि टायमिंग सेट करू शकणारे मेस्त्री वयस्क झाले आहेत, आणि ते काम शिकण्यासाठी त्यांच्याकडे मुद्दाम येणारे तरुण थोडे आहेत.

विजेच्या मोटारींनी पुढचा टप्पा सुरू केला आहे. त्यांच्या बॅटरीचा दाब बहुधा तीनशे-चारशे व्होल्टच्या घरात असतो आणि नारिंगी वेष्टनाच्या तारांना प्रशिक्षणाशिवाय हात लावणे जिवावर बेतते. येथे हात लावून, चुकून, पुन्हा करून शिकण्याची जुनी पद्धत चालत नाही. वीजप्रवाह तोडणे, थांबणे, मोजून खात्री करणे हा क्रम आधी वर्गात शिकावा लागतो. पण या गाडीलाही चाके, बेअरिंग, सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेक आहेत. त्यांची झीज होते, बोल्ट गंजतात, आटे जातात. ब्रेकमधली हवा काढायला अनेक ठिकाणी आता दाबयंत्र आहे. जेथे ते नाही तेथे आजही एक जण पेडलवर पाय ठेवून बसतो आणि दुसरा चाकाशी पाना धरून त्याला केव्हा दाबायचे आणि केव्हा सोडायचे ते सांगतो.